तळमजला स्वस्त असतो

मी बी.कॉम. आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण उशिरा सांगितलं तर तोवर ऐकणाऱ्याने मला 'दलालीण' ठरवून टाकलेलं असतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. वडील नवापूरच्या एका पोल्ट्रीवर राखणदार होते. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी मालकापासून पाणक्यापर्यंत सगळ्यांना पेढा दिला आणि "मन्ही पोर ग्रॅज्युएट शे" हे इतक्यांदा सांगितलं की शेवटी मालक म्हणाला, "अहो, कोंबड्यांनाही कळलं आता." पुढे हीच ग्रॅज्युएट पोर सुरतेत लोकांना घरं दाखवत फिरू लागली, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. "हाई कामले कालेज कसाले पाहिजे व्हतं?"

पाहिजे होतं. ते कसं, ते सांगते.

नवापूर म्हणजे गुजरातच्या उंबऱ्यावर बसलेलं गाव. आम्हाला नाशिक लांब आणि सुरत जवळ. जिल्ह्यातली निम्मी तरणी माणसं तिकडेच पोटाला जातात. कुणी मिलमध्ये, कुणी साड्यांच्या दुकानात, डोंगरातली पोरं बांधकामावर. वर्षानुवर्षं भाड्याच्या खोलीत काढतात आणि एक दिवस स्वतःचं घर घ्यायचं मनात येतं. मग भाव ऐकून गप्प होतात. त्या गप्प झालेल्या माणसांना घेऊन मी सुरतेच्या कडेकडेने फिरते आणि त्यांच्या ऐपतीतलं काही सापडतं का बघते. त्याची दलाली घेते. त्यात लाजण्यासारखं मला आजवर काही दिसलेलं नाही.

महाग शहरात स्वस्त घर सापडलं की गिऱ्हाइकाला आनंद होतो. मला धडकी भरते. कारण शहरात कुणी कुणावर उपकार करत नाही. घर स्वस्त असेल तर त्याला कारण असतं, आणि ते विकणारा आपण होऊन सांगत नाही. ते हुडकून काढणं हाच माझा धंदा. कधी कारण कागदात असतं. जमिनीवरून उद्या रस्ता जाणार असतो, किंवा तिघा भावांची जागा एकटाच विकायला निघालेला असतो. ते वाचायला कॉलेज उपयोगी पडतं. पण पुष्कळदा कारण हवेत असतं, आवाजात असतं, भिंतीला चिकटलेलं असतं.

एकदा एका घरमालकाने आम्ही पाय ठेवायच्या आधीच मोठ्याने भजनं लावून ठेवली होती. माझं गिऱ्हाईक हरखलं, "किती धार्मिक माणसं!" मी म्हटलं, "भाऊ, जरा बंद करा ना, बोलणं ऐकू येत नाही." त्याने नाइलाजाने बंद केलं, आणि घरभर एक गुणगुण ऐकू येऊ लागली, मधमाश्यांचं पोळं असावं तशी. गच्चीच्या डोक्यावरून विजेच्या मोठ्या तारा गेल्या होत्या. मालक म्हणाला, "सवय होते ताई."

सवय होते, हे वाक्य मी जितकं ऐकलंय तितकं दुसरं कुठलं ऐकलं नसेल. नंदुरबारच्या एका नवराबायकोने माझं न ऐकता रंगाच्या मिलच्या मागे घर घेतलं. पहिल्यांदा गेले तेव्हा मला तिथे श्वास घेववत नव्हता. पुढच्या खेपेला चहाला बोलावलं, तर बाई हसून म्हणाली, "आता वासच येत नाही हो." वास तर तसाच होता, माझे डोळे चुरचुरत होते. तो चहा मी कसाबसा संपवला. वास येत नाही म्हणजे आत काय मेलं असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणाही नवख्याला फुकट सांगते. सगळीकडे तळमजला महाग असतो. म्हाताऱ्यांना सोयीचा, पुढे ओटा, गाडी लावायला जागा. जिथे तळमजला वरच्या मजल्यांपेक्षा स्वस्त सांगतात, तिथे भाव ऐकणं थांबवा आणि भिंती बघा. फरशीच्या पट्ट्या भिंतीवर छातीपर्यंत चढवल्यात का, फ्रिज विटांवर ठेवलाय का, लोखंडी दार खालून कुरतडल्यासारखं दिसतंय का. दिसलं तर समजा की खाडी जवळ आहे. सुरतेत तापी मोठी, पण तापीची निदान बातमी येते. खाड्यांची येत नाही. वरच्या अंगाला कुठे पाऊस झाला की शहरात लख्ख ऊन असतानाही त्या भरतात आणि गटारांतून उलट्या घरात येतात.

हे सगळं मला पक्कं माहीत असताना दिलवरला मी खाडीकाठचा तळमजला घेऊन दिला. ते कसं झालं ते लिहायला बसले आहे. माणसांची नावं बदलली आहेत.

दिलवर सेंट्रिंगचं काम करतो. म्हणजे स्लॅब ओतण्याआधी त्याच्याखाली फळ्या आणि टेकू उभे करायचे. त्याचं मूळ गाव मणिबेलीच्या बाजूला, नर्मदेच्या काठी. धरणाचं पाणी चढलं आणि घर, शेत, मोहाची झाडं सगळं त्याखाली गेलं. कुटुंबाला तळोद्याजवळच्या पुनर्वसनाच्या वसाहतीत जमीन मिळाली. बाप तिथे वारला, आणि आई, तेगलीबाई, एकटी राहिली. दिलवर आणि त्याची बायको मोगरी सुरतेत साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे. इमारत पूर्ण झाली की खोली मोडायची, दुसऱ्या साइटवर दुसरी उभी करायची. आईचे गुडघे गेले होते. वसाहतीत ती एकदा पडली, आणि संध्याकाळी शेजारीण येईपर्यंत पडूनच राहिली. तेव्हा दिलवर माझ्याकडे आला.

"ताई, खाली एक खोली आणि मोरी असली तरी चालेल. याहाला आणायचंय." त्यांच्याकडे आईला याहा म्हणतात. "पण तिची एक अट आहे."

"काय?"

"पाणी घर नेणार नाही असं बघा. ती म्हणते, एकदा गेलं, आता परत नाही."

अशी अट आणि अशी ऐपत एकत्र आली की आमच्या धंद्यात त्याला देव आठवणं म्हणतात. उंचावरच्या भागातला तळमजला दिलवरच्या आवाक्यातच नव्हता. आवाक्यात होते ते शहराबाहेरचे चौथे-पाचवे मजले, बिनलिफ्टचे. तसा एक दाखवायला तेगलीबाईला मुद्दाम तळोद्याहून आणलं. जिन्याच्या पहिल्या वळणावर ती बसली आणि मुलाला काहीतरी बोलली. दिलवर ओशाळून हसला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, मला वर नेऊन ठेवाल आणि खाली एकदम मेल्यावरच आणाल."

मग सुरतेतल्याच लिंबायतच्या पलीकडची ती गल्ली. एका गिरणीतून निवृत्त झालेल्या आप्पांचं घर. ते कायमचे गावी, शिंदखेड्याकडे निघाले होते. दोन खोल्या, पुढे ओटा, शेजारी वर जाणारा जिना. भाव ऐकला आणि मी भिंतीकडे पाहिलं. फरशा छातीपर्यंत.

आप्पांनी माझी नजर ओळखली. "पाहू नका बाई अशा. मी खोटं बोलत नई. पानी येस. दरसाल नई, पन येस. दुपारले उनं ते संध्याकायलोंग निंघी जास."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी विकणाऱ्याने मला कारण स्वतःहून सांगितलं होतं. मी वर राहणाऱ्या निर्मलाबाईंना गाठलं. घराची खरी माहिती नेहमी वरच्या मजल्यावरच्या बाईकडे असते. त्या कपडे वाळत घालत होत्या.

"काकी, पाणी आलं की खालची माणसं काय करतात?"

"काय करतीन? मी वरथून हाक मारस. पोरं गॅसनी टाकी उचली आनतस, आम्ही म्हातारीसले धरी आनतस. चहा पितस, पत्ता खेयतस. पानी गयं की खाले जाईसन धुतस." मग माझ्याकडे निरखून पाहत त्या म्हणाल्या, "तुम्ही कथाना? नवापूरना? मंग आपलाच ना! गल्ली सारी आपलीच शे. भुसावय, धुळं, नंदुरबार. एकले पडाव ऱ्हास का आठे कोनी?"

गल्ली खरंच आपली होती. ओट्यांवर अहिराणीत भांडणं चालली होती, कुठूनतरी कळण्याच्या भाकरीचा वास येत होता. दोघीतिघींनी धरलं तर तेगलीबाई एक मजला चढत होती. मी दिलवरला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. म्हटलं, "अट मोडते बाबा ही."

त्याने खाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताई, याहाला विचारू."

तेगलीबाईने सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीतून ज्वारीचे दाणे काढले. नव्या जागी घर करायचं तर त्यांच्यात आधी जागेला विचारतात. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने दाण्यांची एकेक ढिगली मांडायची, वर पळसाचं पान झाकायचं. सकाळी ढिगल्या जशाच्या तशा असल्या तर जागा राजी. एखादी विस्कटली तर दुसरीकडे जायचं. पानंही तिने तळोद्याहून आणली होती. आप्पा बघतच राहिले.

"बाई, आठे फरशी शे. जमीन नई."

दिलवरने ते आईला सांगितलं. तिने उत्तर दिलं आणि तो हसला. "म्हणते, फरशीच्या खाली काय आहे मग?"

आप्पांनी किल्ली दिली. सकाळी आम्ही गेलो तेव्हा सगळ्या ढिगल्या शाबूत होत्या. तेगलीबाई गुडघ्यांवर हात टेकून वाकली, एकेक पान उचलून बघितलं, आणि मला भेटल्यापासून पहिल्यांदा हसली. तिने जागेला विचारलं होतं, मी माणसांना विचारलं होतं, दोघींनाही होकार मिळाला होता. पण पाण्याला कुणी विचारलं नव्हतं.

दस्त झाला. दिलवरने आतल्या खोलीत स्वतःच्या हाताने सिमेंटचा उंच पक्का ओटा बांधला, भिंतीवरच्या फरशांच्याही वर, आणि चढायला बुटक्या रुंद पायऱ्या. त्याच्यावर आईचं अंथरूण. तेगलीबाईच्या गळ्यात दोरीने एक बटणाचा मोबाइल अडकवला. निर्मलाबाईंनी तिला "याहाबाई" म्हणायला सुरुवात केली. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नसे, पण तासन्‌तास पुढच्या ओट्यावर बसून बोलत.

पावसाळा लागला तसं माझ्या झोपेचं खोबरं झालं. नवापुरात पाऊस पडला की मला वाटायचं, हे पाणी कुठे चाललंय? दिलवरला फोन करायची. तो म्हणायचा, "ताई, तुम्हीच जास्त घाबरता. इथे सगळे आहेत ना."

सगळे आहेत ना. हेच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आता कानबाईबद्दल थोडं सांगायला हवं, कारण खानदेशाबाहेर ती फारशी कुणाला माहीत नसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, साडीचोळी. तिच्या प्रसादाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनीच खायच्या, आणि त्यासाठी भाऊबंद जिथे असेल तिथून गावी येतो. रविवारी रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. दिवाळी चुकली तर माणूस हळहळतो. कानबाई चुकली तर भाऊबंद वर्षभर सुनावतात.

मीही त्या सोमवारी ह्यांच्याबरोबर सासरच्या गावी होते. नंदुरबारच्या पुढे, तापीच्या अंगाचं गाव. डोक्यावर कानबाईचे पाट घेऊन बाया निघाल्या होत्या, वाजंत्री लागली होती, पोरं नाचत होती. आभाळ स्वच्छ. तेवढ्यात दिलवरचा फोन आला. वाजंत्रीत काही कळेना म्हणून मी मिरवणूक सोडून मारुतीच्या देवळामागे पळाले.

"ताई, गल्लीत कोण आहे? निर्मलाकाकी फोन उचलत नाहीत. समोरचे पण उचलत नाहीत."

"का? काय झालं?"

"खाडी आलीय म्हणतात. इथे तर ऊन आहे. याहा म्हणते, पाणी दारात आहे."

समोरून कानबाईच्या आणखी काही बाया नदीकडे चालल्या होत्या. त्याच वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला.

"दिलवर, आज कानबाईचं विसर्जन आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे गल्ली गावी गेलीय. सगळी."

त्याचा काय दोष? त्यांच्यात कानबाई नाही. मोगरीही त्याच्याबरोबर साइटवर होती. निर्मलाबाई जाताना "दोन दिनमा येतस" असं म्हणाल्याही असतील तेगलीबाईला, अहिराणीत. आणि मी, जिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कानबाई बसते, ती मीसुद्धा गल्ली आपल्या माणसांची आहे म्हणून निश्चिंत झाले होते. आपली माणसं असण्यामुळेच ती एकाच दिवशी, एकदमच उठून जातील, हे माझ्या बी.कॉम. डोक्यात आलं नव्हतं.

"मी निघालोय," दिलवर म्हणाला. "स्लॅब चालू आहे, मुकादम ओरडतोय, ओरडू दे. पण पुढे पाण्यातून जावं लागेल. फोन पिशवीत बांधतो. ताई, तुम्ही याहाशी बोलत राहा. तुमचा आवाज ती ओळखते. तिला ओट्यावरून उतरू देऊ नका. ती घाबरली तर दार उघडायला उतरेल."

"अरे पण मला तुमची भाषा येत नाही!"

"बोला काहीही," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

आमच्या ह्यांना मी अग्निशमनला फोन लावायला सांगितलं. तिकडून उत्तर आलं की बोटी निघाल्या आहेत, नाव-पत्ता लिहून घेतलाय. मी तेगलीबाईचा नंबर लावला. तिने लगेच उचलला.

"याहा, मी नवापूरची ताई. ओट्यावर बसा. वर. वरच बसा."

ती बोलू लागली. भरभर, खालच्या आवाजात. एक शब्द कळला नाही. याच जिल्ह्यात जन्मले, इथेच शिकले, आणि डोंगरातल्या बाईचं एक वाक्य मला कळत नव्हतं. तिच्या बोलण्यामागे आणखी एक आवाज येत होता. आधी मला वाटलं लाइन खराब आहे. मग ओळखू आला. मोरीच्या जाळीतून पाणी वर येताना करतं तसा, बुड-बुड, थांबून, पुन्हा बुड-बुड. कुणी आतून गुळण्या कराव्यात तसा.

"उतरू नका, याहा. दिलवर येतोय. दिलवर."

"दिलवर," ती म्हणाली.

"हो, दिलवर. मोगरी."

"मोगरी."

एवढेच आमचे सामाईक शब्द. ते संपले की मी काहीही बोलत सुटायची. कानबाईला यंदा कोणती साडी नेसवली ते सांगितलं. रोट किती चांगले भाजले गेले ते सांगितलं. जावेची चुगली केली. ती मध्येच बोलायची, मी "हो, हो" म्हणायची, आणि आपण कशाला होकार देतोय या विचाराने घाबरून पुन्हा "वर बसा, वर" म्हणायची. एकदा भांडं तरंगत भिंतीला लागल्यासारखा आवाज आला. मग काहीतरी जड पडल्याचा. तिने एक हाक मारली. मला नाही, घरात कुणाला तरी. कदाचित नवऱ्याला. तो तर कधीचाच गेला होता.

माझे शब्द संपले तेव्हा मी रात्रभर म्हटलेली कानबाईची गाणी म्हणू लागले. घसा बसलेला, देवळामागे उकिरडा, ऊन डोक्यावर, आणि मी फोनमध्ये गात होते. थोड्या वेळाने तीही काहीतरी गाऊ लागली. तिचं वेगळंच, सूर वेगळा, ताल वेगळा. मी थांबले नाही, तीही थांबली नाही. जोवर ऐकू येतंय तोवर ती वर आहे, एवढंच मला कळत होतं.

मग फोन कट झाला.

पुन्हा लावला. बंद. पुन्हा. बंद. फोन कंपनीची बाई यंत्रातून गुजरातीत तेच तेच सांगत राहिली. आमचे हे माझ्याजवळ येऊन उभे राहिले होते. नदीकडून वाजंत्री थांबल्याचं कळलं, म्हणजे विसर्जन झालं होतं. बाया रिकाम्या पाटांवर वाळू घेऊन परतू लागल्या. एकीने विचारलं, "काय वं, अशी काब्र उभी शे?" दिलवर कुठे पोहोचला असेल, दार पाण्याने दाबून बसलं असेल का, तो ते उघडू शकेल का, आणि उघडलं तर आत काय असेल, हे सगळं मी एकापाठोपाठ एक बघत होते. फरशांची वरची कड मला डोळ्यांसमोर दिसत होती. आणि तिच्या वरचा ओटा.

कितीतरी वेळाने दिलवरचा फोन आला. धापांमुळे त्याला बोलता येत नव्हतं.

"आहे," तो म्हणाला.

तिथेच उकिरड्याशेजारी मी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सुरतेला गेले. रिक्षावाल्याने नाक्यावरच उतरवलं. "बेन, आगळ नहीं जवाय." पुढे चिखलातून चालत गेले. गल्लीत बहुतेक दारांना अजून कुलुपं होती, आणि प्रत्येक दारावर एकाच उंचीवर मातीची रेघ. दिलवरने दार तोडून काढलं होतं, ते बाहेर टेकून ठेवलेलं. आत पाणी ओट्याच्या वरच्या पायरीपर्यंत येऊन थांबलं होतं. ओट्यावर ज्वारीचं पोतं आणि त्याला टेकून तेगलीबाई. मोगरी चिखल उपसत होती.

निर्मलाबाई सकाळीच गावाहून परतल्या होत्या. मला बघून त्यांना रडू फुटलं. "मी तिले सांगं व्हतं वं, दोन दिनमा येस. हसनी ती. माले वाटनं समजनं."

मी दिलवरला म्हटलं, "हे विकू. जसं जाईल तसं. मी दुसरं बघते, मला दलाली नको. वसाहतीत घेऊन जा तोवर."

"मीही तेच म्हणतोय कालपासून," तो म्हणाला. त्याचे डोळे तांबारले होते. "तुम्हीच समजवा तिला. मी सांगतो तुमचं."

मी बोलले, तो सांगत गेला. तेगलीबाई ऐकत होती. मग ओट्यावरून हळूहळू बुटक्या पायऱ्या उतरून खाली आली, भिंतीला हात लावला, भिंतीवरून तसाच हात फिरवत मोरीपर्यंत गेली आणि परत आली. जे बोलली ते थोडकंच होतं.

दिलवरने ते मला मराठीत सांगितलं.

"ती म्हणते, तिकडे पाणी आलं ते गेलंच नाही. हे गेलं. घर जागेवर आहे. ती कुठे जाणार नाही."

"तिला सांग, पुढच्या वेळी ओट्याच्या वर येईल."

"सांगितलं. म्हणते, ओटा उंच कर."

मोगरीने चूल पुढच्या ओट्यावर मांडून चहा केला. आम्ही सगळे बाहेर पायऱ्यांवर बसलो. ऊन कडक होतं, सगळं वाळत होतं, तेगलीबाई धोतराच्या फडक्यावर ओलसर झालेली ज्वारी पसरत होती. निर्मलाबाई पुढच्या वर्षी तिला कानबाईला आपल्या गावी नेणार म्हणून सांगत होत्या आणि दिलवर ते तिला सांगत होता.

तेवढ्यात आतल्या मोरीतून आवाज आला. बुड-बुड.

दिलवरच्या हातचा कप पडला. मोगरी ओरडत आत धावली. निर्मलाबाईंनी वर बघितलं आणि हाक मारली, "कोन शे वं वर?" त्यांची सून होती. गावाहून आणलेले कपडे धुऊन तिने बादली ओतली होती, इतकंच. मोगरी बाहेर येऊन हसली, मग दिलवरही हसला. तेगलीबाईने मान वर केली नव्हती. ज्वारी पसरणारा तिचा हातसुद्धा थांबला नव्हता.

मी हसायचा प्रयत्न केला, तेव्हा लक्षात आलं की मी जिना अर्धा चढून गेलेली आहे.